शितावरून भाताची परीक्षा, पण शीत नीट काढलेलं हवं

पावसाळ्यात ठाण्यात कुणाचाही ताप तीन दिवसांच्या पुढे गेला की घरात एकच प्रश्न असतो: प्लेटलेट किती आल्या? गेल्या ऑगस्टमध्ये समोरच्या वहिनींचा रात्री साडेनऊला फोन आला. “ताई, अडतीस हजार आल्यात हो. आता लगेच ॲडमिट करू का?” मुलगा एकोणीस वर्षांचा. ताप उतरत आला होता, पण डेंग्यूत ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात. त्यामुळे ‘काही होत नाही’ म्हणून झोपून जाण्यासारखी ती वेळ नव्हती. त्यांना आधी डॉक्टरांना कळवायला सांगितलं आणि मी चपला घालून लॅबकडे निघाले. बावीस वर्षं मी लॅबमध्ये काम केलंय. आता नर्सेसना आणि घरी येऊन रक्त घेणाऱ्या मुलामुलींना नमुना कसा घ्यायचा ते शिकवते. आकडा मला कळला होता, मला ती ट्यूब बघायची होती.

ड्युटीवरच्या टेक्निशियनने रॅकमधून जांभळ्या झाकणाची ट्यूब काढली, झाकण उघडलं आणि दोन लाकडी काड्या आत घालून हलकेच फिरवल्या. बाहेर काढल्या तेव्हा एका काडीच्या टोकाला शेवईएवढी बारीक, काळपट लाल गुठळी लोंबत होती. प्लेटलेटचं कामच मुळी गुठळी करून रक्तस्राव थांबवायचं. ट्यूबमध्ये गुठळी झाली की प्लेटलेट तिच्यात अडकतात आणि मशीन उरलेल्या सुट्या प्लेटलेट मोजतं. रक्त पुन्हा घेतलं. रात्री अकराला आकडा आला: १,६४,०००.

मशीन बिघडलेलं नव्हतं. दुपारी रक्त घेणाऱ्या मुलाने ट्यूब भरली आणि तशीच बॅगेत ठेवली. आतलं औषध रक्तात मिसळावं म्हणून ती त्याच क्षणी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करायची असते. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाशी बोलले. त्याला हे कुणी करून दाखवलंच नव्हतं.

## रिपोर्ट नक्की कुठे तयार होतो?

आपली समजूत अशी, की रिपोर्ट मशीनमध्ये तयार होतो. प्रत्यक्षात त्याचे तीन टप्पे असतात. डॉक्टरांनी चाचणी लिहून दिल्यापासून नमुना मशीनवर चढेपर्यंतचा पहिला, प्रत्यक्ष मोजणीचा दुसरा, आणि आकडा योग्य माणसाच्या हाती पडून त्याचा अर्थ लागण्याचा तिसरा. पहिल्याला लॅबवाले ‘प्री-ॲनालिटिकल’ म्हणतात. आपण त्याला ‘मोजणीआधीचा टप्पा’ म्हणू.

इटलीतल्या पादुआ इथल्या रुग्णालयात तातडीच्या चाचण्या करणाऱ्या लॅबने आपल्याच चुका मोजून १९९७ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यातल्या ६८.२ टक्के चुका मोजणीआधीच्या टप्प्यातल्या होत्या. प्रत्यक्ष मोजणीतल्या फक्त १३.३ टक्के. दहा वर्षांनी त्यांनी पुन्हा मोजदाद केली, तेव्हाही मोजणीआधीचा वाटा ६१.९ टक्के निघाला. पुढे जगभर अनेकांनी असे हिशेब मांडले, आणि चित्र साधारण हेच राहिलं: मशीनं सुधारत गेली, दंडाला पट्टा बांधण्यापासून ट्यूब लॅबला पोचेपर्यंतचं काम मात्र माणसाच्या हातातच राहिलं.

शितावरून भाताची परीक्षा करतो आपण, तसंच हे. शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि आपण त्यातलं तीन-चार मिलिलिटर काढून सगळ्या शरीराबद्दल निष्कर्ष काढतो. शीत त्याच भांड्यातलं असेल आणि काढताना त्याला दुसरं काही लागलं नसेल, तरच ही परीक्षा खरी. पुढचं सगळं या एवढ्याशा अटीबद्दल आहे.

## झाकणांचे रंग कशासाठी?

रक्त घेताना तीन-चार रंगांच्या ट्यूब तुम्ही पाहिल्या असतील. प्रत्येकीत वेगळं काहीतरी आधीच घातलेलं असतं. लाल किंवा सोनेरी झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त मुद्दाम गोठू देतात आणि वर सुटणारं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, तपासतात. जांभळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, ईडीटीए ते धरून ठेवतं, म्हणून रक्त पातळ राहतं आणि पेशी मोजता येतात. निळीत सायट्रेट, हिरवीत हेपरिन, राखाडीत साखर टिकवणारं फ्लोराइड.

आता दुधाला विरजण लावताना आठवा. चमच्याला लागलेलं थेंबभर दही पातेलंभर दुधाला पुरतं. ट्यूबचंही तसंच. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए हा पोटॅशियमचा क्षार असतो. त्याचा अंश लाल ट्यूबमध्ये गेला तर रिपोर्टमध्ये पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं, आणि पेशंटच्या शरीरात त्यातलं काहीही झालेलं नसतं. म्हणून ट्यूब भरण्याचा क्रम ठरलेला आहे: कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या, बाटल्या असतील तर त्या सगळ्यात आधी, मग निळी, मग लाल किंवा सोनेरी, मग हिरवी, मग जांभळी आणि शेवटी राखाडी. एकाच सुईने एकामागोमाग ट्यूब भरताना आधीच्या ट्यूबमधलं रसायन पुढच्या ट्यूबचं नुकसान करणार नाही, असा हा क्रम.

एक प्रसंग मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. एका आजींचा रिपोर्ट आमच्या टेबलावर आला: पोटॅशियम ११, कॅल्शियम ४. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असतं. खरोखर ११ असतं तर हृदय चाललं नसतं. वॉर्डात फोन केला, तर आजी चहा पीत बसलेल्या. सिस्टरना विचारलं, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, “लाल ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं, शीर सापडेना. आजींना परत टोचायचं जिवावर आलं, म्हणून जांभळीतलं थोडं ओतलं.”

मला त्या सिस्टरचा राग आला नाही. त्यांनी ते मायेपोटी केलं होतं. बारा वर्षांच्या नोकरीत झाकणांचे रंग त्यांना पाठ होते, पण आत काय असतं आणि ते काय करतं हे कुणी समजावलं नव्हतं. नमुना घेण्याचं प्रशिक्षण म्हणजे क्रम पाठ करून घेणं, असं मानणारे बरेच आहेत. कारण कळलं नाही तर पाठ केलेला क्रम पहिल्या अडचणीत मोडतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

निळ्या ट्यूबची आणखी एक तऱ्हा. तिच्यात नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट हे प्रमाण पक्कं असतं. अर्धीच भरली तर रसायन जास्त होतं आणि रक्त गोठायला जास्त वेळ लागतोय असं खोटंच दिसतं. रक्त पातळ होण्याच्या काही गोळ्यांचा डोस रक्त गोठायला लागणाऱ्या याच वेळेवरून ठरतो. म्हणून रेघेपर्यंत भरलेली नसेल तर लॅबने ती नाकारायचीच असते.

## डाळिंबाचे दाणे आणि सुई

लाल पेशी म्हणजे डाळिंबाचे दाणे समजा. अलगद काढले तर कोरडे, टपोरे. घाईने पिळले की हात लाल. रक्त घेताना पेशी फुटून आतला रस सीरममध्ये उतरला की त्याला हिमोलिसिस म्हणतात. लाल पेशीच्या आत पोटॅशियम १४० च्या आसपास असतं आणि बाहेर चार-साडेचार. थोड्याच पेशी फुटल्या तरी बाहेरचा आकडा उडी मारतो. एलडीएच आणि एसजीओटी हेही वाढतात, म्हणजे लिव्हरची चिंता फुकटची.

पेशी फुटतात कशाने? फार बारीक सुईने, सिरिंजचा दांडा जोरात ओढल्याने, भरलेली सिरिंज दाबून रक्त ट्यूबमध्ये ढकलल्याने, ट्यूब औषधाच्या बाटलीसारखी खळखळ हलवल्याने, आणि स्पिरिट वाळायच्या आत टोचल्याने. यातलं शेवटचं तुमच्याही ओळखीचं असेल. बोळा फिरवला की लगेच सुई, आणि झणझणतं. स्पिरिटला ३० सेकंद वाळू द्यायचं असतं. जंतू मरायलाही तेवढा वेळ लागतो.

दंडाला बांधायचा रबरी पट्टा हा दुसरा दुर्लक्षित मुद्दा. तो एक मिनिटापेक्षा जास्त ठेवायचा नाही. बागेत पाण्याचा पाइप पायाने दाबून धरला की मागे पाणी तुंबतं, तसं शिरेत रक्त तुंबतं. त्यातलं पाणी आजूबाजूच्या भागात झिरपतं, प्रथिनं आणि पेशी मात्र मागे राहतात. रक्त दाट होतं, आणि प्रथिनं, कॅल्शियम, कोलेस्टेरॉल हे आकडे वर सरकतात. त्यातच पेशंटला सांगितलं जातं, “काका, मूठ उघडझाप करा.” त्या हालचालीने स्नायूंमधून पोटॅशियम बाहेर पडतं. मूठ एकदा हलकी मिटून ठेवली तरी पुरते.

## सलाईनचा हात, घोडबंदरचा ट्रॅफिक

वॉर्डात पेशंटच्या एका हाताला सलाईन चालू असतं. त्याच हातातून, वरच्या बाजूने रक्त घेतलं तर काय होईल? त्या सलाईनमध्ये पाच टक्के डेक्स्ट्रोज असेल, तर एका डेसिलिटरमध्ये ५००० मिलिग्रॅम साखर. उपाशीपोटी निरोगी माणसाच्या रक्तात ती १०० च्या आत असते. नमुन्यात एक दशांश जरी सलाईन मिसळलं तरी साखर पाचशेच्या घरात दिसेल, आणि त्या आकड्यावर कुणी इन्सुलिन दिलं तर खरा धोका तिथून सुरू होईल. म्हणून दुसरा हात. तो शक्य नसेल तर डॉक्टरांना विचारून सलाईन थांबवायचं, निदान दोन मिनिटं वाट बघायची आणि सलाईनच्या खालच्या बाजूने घ्यायचं.

घरून घेतलेल्या नमुन्यांचा प्रश्न याच्या उलट असतो. समजा कासारवडवलीत सकाळी सात वाजता उपाशीपोटी रक्त घेतलं. मुलगा आणखी पाच घरं करून, घोडबंदर रोडने माजिवड्याचा ट्रॅफिक ओलांडून ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या लॅबला पोचेपर्यंत साडेनऊ वाजतात. ट्यूबमधल्या पेशी तोवर जिवंत असतात आणि साखर खात असतात. साध्या ट्यूबमध्ये, खोलीच्या तापमानाला, दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. खरी साखर १३२ असलेल्या माणसाची दोन तासांत ११७ च्या आसपास दिसेल. मधुमेहाची रेषा १२६ वर आहे. म्हणजे मधुमेह असलेला माणूस ‘थोडी बॉर्डरला आहे’ असं ऐकून घरी जाईल.

राखाडी ट्यूबमधलं फ्लोराइड ही खादाडी थांबवतं, पण पूर्ण थांबवायला त्यालाही तासाच्या वर लागतो. मग सगळंच बर्फात ठेवलं तर? तेही चालत नाही. न वेगळं केलेलं रक्त गार केलं की पेशी पोटॅशियम बाहेर सोडू लागतात. प्रत्येक चाचणीची थंडी-उन्हाची सोय वेगळी. बॅगेत दोन कप्पे का असतात आणि कुठली ट्यूब कुठल्या कप्प्यात, हे त्या मुलाला माहीत असणं यासाठी गरजेचं आहे. त्याला आपण ‘कलेक्शन बॉय’ म्हणतो. मला तो शब्द आवडत नाही. तो जे करतो त्याच्यावर पुढच्या सगळ्या उपचारांची मदार असते.

## वॉर्डात तीन पाटील

नवी मुंबई आणि ठाण्याच्या गावठाणांत पाटील, म्हात्रे, भोईर, ठाकूर ही आडनावं घराघरांत. एका वॉर्डात एकाच वेळी तीन पाटील काकू असणं हे आमच्याकडे रोजचंच. “तुम्हीच पाटील काकू ना?” असं विचारलं की तिघीही ‘हो’ म्हणणार, आणि कानाने कमी ऐकणाऱ्या आजी न विचारता मान डोलावणार.

म्हणून पेशंटलाच विचारायचं: “पूर्ण नाव सांगा. जन्मतारीख सांगा.” मग ते कागदाशी आणि हातातल्या ओळखपट्टीशी ताडून बघायचं. बोलू न शकणाऱ्याची ओळख पट्टीवरून आणि नातेवाइकांकडून. लेबल रक्त घेतल्यावर, पेशंटसमोरच लावायचं. आधीपासून लेबल लावलेल्या ट्यूबचा ट्रे घेऊन वॉर्डभर फिरायचं नाही, आणि सगळ्यांचं रक्त घेऊन टेबलावर बसून लेबलंही लावायची नाहीत. नावाची ही चूक ट्यूबकडे बघून अजिबात कळत नाही. गुठळी काडीला लागते, फुटलेल्या पेशींनी सीरम लाल दिसतं. चुकीच्या नावाचं रक्त मात्र अगदी उत्तम दिसतं. रक्त चढवण्याआधीच्या गटाच्या तपासणीत ही चूक झाली तर जीव जाऊ शकतो.

## फक्त रक्तच नाही

टीबीच्या तपासणीला लाळ चालत नाही, बेडका लागतो. डबी हातात देऊन “थुंकून आणा” एवढंच सांगितलं, तर माणूस तोंडातली थुंकीच आणणार. साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून काढायचं, तेही मोकळ्या हवेत, इतरांपासून लांब. हे त्या माणसाला स्वतः करून दाखवावं लागतं. सरकारी टीबी कार्यक्रमात दोन नमुने घेण्याची पद्धत आहे, त्यातला एक सकाळी उठल्याउठल्याचा. रात्रभर साठलेला बेडका त्यात येतो. ट्रुनॅट किंवा सीबीनॅटसारखी महागडी यंत्रणा लाळेत जंतू शोधत बसली तर ‘टीबी नाही’ असं उत्तर येईल, आणि त्या घरातली लहान मुलं त्या उत्तराच्या भरवशावर राहतील.

लघवीच्या कल्चरला आधी जागा धुऊन, सुरुवातीची धार सोडून, मधली धार घ्यायची. दोन तासांत लॅबला पोचवायची, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायची. ई. कोलाय हा जंतू अनुकूल वातावरणात साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे दोन तासांत ६४ पट. उलट रक्ताच्या कल्चरची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, आणि ते रक्त अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्यायचं. आणि ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा सगळाच्या सगळा, तो टिकवण्याच्या रसायनात म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर त्यातले जंतू मरतात, मग कल्चर होऊच शकत नाही. टीबीची शंका असेल तर एक तुकडा नॉर्मल सलाईनमध्ये वेगळा ठेवायला हवा. हे ऑपरेशन थिएटरमधल्या माणसाला आधी माहीत हवं. ऑपरेशन पुन्हा करता येत नाही.

## शिकवायचं म्हणजे काय करायचं?

माझी पहिली काही प्रशिक्षणं फुकट गेली. प्रोजेक्टर, साठ स्लाइड, चहा, प्रमाणपत्र. पुढच्या महिन्यात नाकारलेल्या नमुन्यांची वही जशीच्या तशी. ऐकून हात शिकत नाही, हे तेव्हा समजलं.

आता मी कमी बोलते. आठ-दहा जणांचा गट, रबरी हात, रंगीत पाणी, ट्यूब. प्रत्येकाने सगळं सुरुवातीपासून करायचं आणि बाकीच्यांनी बघायचं. पट्टा बांधताच शेजारचा घड्याळ लावतो. बहुतेकांना आपला पट्टा अर्धा मिनिट राहतो असं वाटत असतं. घड्याळात दोन-अडीच मिनिटं निघाली की खोलीत जी शांतता होते, ती माझ्या साठ स्लाइडनी कधी झाली नव्हती. ट्यूब उलटसुलट करताना मी एकच सांगते: हवेचा बुडबुडा बघा. तो सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला की एकदा झालं. मनगट वळतं, हात हलत नाही. शेवटी प्रत्येकाला त्यांच्याच वॉर्डातल्या नाकारलेल्या ट्यूबचे फोटो दाखवते, नाव झाकून, आणि विचारते: काय चुकलं असेल?

तरी हे पुरत नाही. एका दिवसात शिकलेलं सहा महिन्यांत ढिलं पडतं. चालू कामात कुणीतरी शेजारी उभं राहून बघणं आणि नाकारलेल्या नमुन्यांचा हिशेब दर महिन्याला त्या त्या वॉर्डाला कळवणं, या दोन गोष्टींनी फरक टिकतो. लॅबच्या वहीत ‘गुठळी’ असं लिहून ट्यूब फेकली, पण ती घेणाऱ्याला कळलंच नाही, तर त्याने सुधारायचं कशाच्या आधारावर? ‘आयएसओ १५१८९’ हे लॅबच्या दर्जाचं आंतरराष्ट्रीय मानक मोजणीआधीच्या टप्प्यालाही लागू आहे, आणि आपल्याकडे एनएबीएल त्याच मानकावर लॅबना मान्यता देतं. पण मान्यतेचा कागद लॅबच्या भिंतीवर असतो. रक्त घेतलं जातं वॉर्डात आणि लोकांच्या घरात.

आणि वॉर्डातल्या मामा-मावशींना विसरू नका. ट्यूब घेऊन जाणारे तेच. त्यांना कुठल्याच प्रशिक्षणाला कुणी बोलावत नाही. एका मामांनी मला विचारलं होतं, “मॅडम, ही निळी ट्यूब मी आधी बाकीची कामं करून नेतो, चालतं ना?” त्यांना प्रश्न पडला, ही केवढी मोठी गोष्ट. एरवी त्यांना उत्तर द्यायला तिथे कुणीच नव्हतं, याचं वाईट वाटतं.

## मशीनला चूक कळत नाही का?

काही कळतात. नवी मशीनं फुटलेल्या पेशींचा लाल रंग ओळखतात, काही गुठळीचा इशारा देतात. पण पट्टा किती वेळ होता, सलाईन कुठल्या हाताला होतं, नाव कुणाचं, पेशंट खरंच उपाशी होता का, हे मशीनला कळायला काही मार्ग नाही.

दुसरीकडे, प्रत्येक विचित्र आकड्याला रक्त घेणाऱ्याची चूक म्हणणंही अन्यायाचं आहे. काही माणसांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये आपोआप एकमेकींना चिकटतात, नमुना कितीही उत्तम घेतला तरी. अशा वेळी स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघतात आणि निळ्या ट्यूबमध्ये पुन्हा मोजतात. दोन लॅबच्या आकड्यांत थोडा फरक तर पद्धतीमुळेही येतो.

## “ओपीडीत दीडशे माणसं, एवढा वेळ कुणाला?”

हा आक्षेप खरा आहे आणि तो घेणारे लोक आळशी नाहीत. सकाळी साडेआठला सरकारी रुग्णालयाच्या रक्त घेण्याच्या खिडकीसमोरची रांग मी पाहिलेली आहे. पण हिशेब करून बघा. स्पिरिट वाळायला ३० सेकंद लागतात, आणि तेवढ्यात नाव विचारून होतं, ट्यूब क्रमाने लावून होतात. वेळ वाढत नाही, कामांचा क्रम बदलतो. नमुना नाकारला गेला तर मात्र त्या माणसाला परत बोलवा, परत टोचा, परत ट्यूब, परत रांग. मुरबाडहून दोन गाड्या बदलून आलेल्या बाईची रोजंदारी दुसऱ्यांदा बुडते. हा खर्च रुग्णालयाच्या कुठल्याच हिशेबात लिहिला जात नाही. खिडकीवर माणसं कमी असतील तर ती वाढवायलाच हवीत, आणि ती मागणी प्रशिक्षणासोबतच करायला हवी.

## सुई धरणाऱ्याचाही जीव आहे

या विषयावर बोलताना सगळे पेशंटबद्दल बोलतात. टोचणाऱ्यालाही धोका असतो. दूषित सुई टोचली गेली तर, लस घेतलेली नसल्यास, हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता १०० मध्ये ३० पर्यंत, हिपॅटायटिस सी ची ३ च्या आसपास आणि एचआयव्हीची ०.३, असा ढोबळ हिशेब शिकवला जातो. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावताना बोटाला टोचणं हा सगळ्यात टाळता येण्यासारखा अपघात. टोपण लावायचंच नाही. सुई थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, आणि तो डबा हाताच्या अंतरावर हवा. डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर दोष सिस्टरचा नाही, तिथे डबा ठेवणाऱ्याचा आहे.

टोचलंच तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि ताबडतोब कळवायचं. एचआयव्ही रोखणारी औषधं शक्य तितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत, आणि ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात. हिपॅटायटिस बी ची लस तीन डोसची. घरोघरी रक्त घेणाऱ्या मुलांना मी पहिला प्रश्न हाच विचारते, की तिन्ही डोस झाले का. कितीतरी हात खाली राहतात. त्या दिवशीचं प्रशिक्षण मग लसीपासूनच सुरू होतं.

## पेशंट म्हणून तुमच्या हातात काय आहे?

उपाशीपोटी म्हणजे आठ ते बारा तास, पाणी चालतं, चहा नाही. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा, थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे त्याने बदलतात. सलाईन चालू असलेला हात पुढे करू नका. नाव न विचारता कुणी सुई काढली तर तुम्हीच पूर्ण नाव सांगा. लेबल तुमच्यासमोर लागलं का, तेवढं बघा.

आणि लॅबमधून “नमुना पुन्हा द्यावा लागेल” असा फोन आला, तर राग येईल, पण फोन ठेवण्याआधी विचारा: आधीच्या नमुन्यात नेमकं काय चुकलं होतं? गुठळी, फुटलेल्या पेशी, कमी रक्त, की नाव? जे उत्तर मिळेल ते दुसऱ्या दिवशी घरी येणाऱ्या मुलाला सांगा. लॅबने त्याला सांगितलंच असेल असं नाही. समोरच्या वहिनींनी तसं सांगितलं, तेव्हा तो मुलगा म्हणाला, “काकू, असं असतं होय?” आणि त्यांच्यासमोरच जांभळी ट्यूब हातात धरून बुडबुडा वर-खाली जाताना मोजू लागला.